ब्रेकचा लाल दिवा विझत नाही: जुन्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी सांभाळणारी माणसं मला सर्वांत जास्त हेच विचारतात: मीटरमध्ये ब्रेकचा लाल दिवा लागलाय, आता काय करू? गाड्या वेगवेगळ्या असतात, पण गोंधळ सगळ्यांचा एकच. दिवा एक आणि त्याला पेटवणारी ठिकाणं चार-पाच. पुढची उत्तरं हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या) ब्रेकच्या गाड्यांसाठी आहेत, म्हणजे कार, जीप, छोट्या व्हॅन. हवेच्या ब्रेकच्या ट्रक-बसमध्ये असा दिवा किंवा बझर टाकीतला हवेचा दाब पडल्याचं सांगतो. तिथे दाब पुरेसा भरेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, एवढंच इथे सांगतो.

१. हा लाल दिवा नेमका कशाकशाने लागतो?

हँडब्रेक ओढलेला असला तर लागतो. ब्रेक ऑइलच्या टाकीत पातळी खाली गेली तर लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्रेकच्या दोन सर्किटांपैकी (ऑइलच्या दोन स्वतंत्र मार्गांपैकी) एकात दाब तयार झाला नाही तरी लागतो. काही गाड्यांत पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे) झिजल्याची वायरही याच दिव्याला जोडलेली असते. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत आणखी एक कारण आहे, ते प्रश्न १२ मध्ये.

वायरिंग समजून घेतलं तर निम्मं काम होतं. किल्ली फिरवली की दिव्याच्या एका बाजूला बॅटरीचा प्रवाह येतो. दुसरी बाजू मोकळी असते. हँडब्रेकचा स्विच, टाकीतला फ्लोट (ऑइलवर तरंगून पातळी सांगणारा), दाबाचा स्विच यांपैकी कुणीही ती बाजू अर्थ केली, म्हणजे बॉडीला जोडली, की दिवा पेटतो. म्हणून तपासणीचा अर्थ एवढाच, की अर्थ कोण करतंय ते शोधायचं.

२. दिवा लागला आहे. गाडी चालवत राहू का?

उत्तर दिवा देत नाही, पेडल देतं. वेग कमी करा, गाडी बाजूला घ्या आणि उभ्या गाडीत ब्रेक दाबा. पेडल नेहमीच्या उंचीवर टणक लागत असेल, हँडब्रेक सुटलेला असेल आणि टाकीत ऑइल दिसत असेल, तर सावकाश, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून गॅरेजपर्यंत जाता येतं. पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, स्पंजासारखं दबत असेल किंवा दोन-तीनदा मारल्यावरच वर येत असेल, तर गाडी तिथेच थांबवा. टो करून न्या.

या बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही. दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) असलेल्या गाडीत एक सर्किट गेलं तरी दुसरं राहतं, म्हणून माणसाला वाटतं की ब्रेक लागतायत की. पण पुढची-मागची चाकं अशी वाटणी असेल आणि पुढचं सर्किट गेलं असेल, तर बहुतेक ताकदच गेलेली असते. ब्रेक मारताना वजन पुढे येतं आणि मागची चाकं फार काही रोखू शकत नाहीत. तिरपी वाटणी असेल तर एक पुढचं आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं एक मागचं चाक उरतं, म्हणजे अर्धेच ब्रेक. खूप जुन्या गाड्यांत, साधारण १९६० च्या दशकापर्यंतच्या, सर्किटच एक असतं. तिथे एक पाइप फुटला की पायाखाली काहीच उरत नाही.

३. चालत्या गाडीत पेडल एकदम तळाला गेलं तर?

पाय सोडून भराभर पुन्हा पुन्हा मारा. बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला थोडा दाब तयार होतो. त्याचबरोबर एकेक गिअर खाली आणा, म्हणजे इंजिन गाडीला रोखेल. हँडब्रेक हळूहळू ओढा, बटण दाबून धरलेलं असू द्या. एकदम खेचला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. इंजिन बंद करू नका. स्टिअरिंग जड होतं आणि बूस्टरची (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याची) मदतही थोड्या वेळाने संपते.

४. हँडब्रेक पूर्ण खाली आहे, तरी दिवा जात नाही.

लिव्हरच्या मुळाशी एक छोटा बटणासारखा स्विच असतो. लिव्हर पूर्ण खाली बसली की तो दाबला जातो आणि दिवा जातो. जुन्या गाडीत त्यात धूळ आणि गंज साचतो, किंवा त्याला धरणारी पट्टी वाकते, आणि लिव्हर खाली असूनही स्विच अर्धवटच दाबला जातो. लिव्हर बोटाने आणखी खाली रेटून पाहा. दिवा गेला, तर दोष स्विचच्या जागेत आहे. नाही गेला, तर स्विचची वायर काढा. वायर काढल्यावर दिवा विझला की स्विच किंवा त्याची जागा बिघडली आहे हे पक्कं.

पण स्विचवर शिक्का मारण्याआधी मागची चाकं पाहा. थोडं अंतर चालवून झाल्यावर चारही चाकांच्या जवळ हात न्या, डिस्कला किंवा ड्रमला मात्र लावू नका. मागचं एखादं चाक जास्त तापलेलं वाटलं, तर हँडब्रेकची केबल आतून गंजून अडकली आहे आणि ब्रेक खरोखरच थोडा लागलेला आहे. म्हणजे दिवा बरोबर आहे.

५. टाकीत ऑइल कमी होतं. भरलं, दिवा गेला. आता काळजी नाही ना?

आहे. सगळ्या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ब्रेक ऑइल बंद यंत्रणेत असतं. इंजिन ऑइलसारखं ते जळत नाही, रेडिएटरच्या पाण्यासारखं उडूनही जात नाही. पातळी खाली गेली असेल तर दोनच शक्यता आहेत. एक, पॅड झिजलेत: पॅड पातळ होतात तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागे जागा वाढते आणि तेवढं ऑइल टाकीतून खाली उतरतं. ते हळूहळू, कित्येक महिन्यांत होतं. दोन, ऑइल बाहेर जातंय.

म्हणून बाटली उघडण्याआधी पॅड पाहा. घासायचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल, तर पातळी उतरण्याचं कारण सापडलं; पॅड बदलले की पिस्टन मागे ढकलले जातात आणि ऑइल आपोआप वर येतं. झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल, तर पॅड बदलताना तेच ऑइल उसळून बोनेटखालच्या रंगावर सांडतं. ते रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसू नका.

पॅड जाड आहेत आणि पातळी खाली आहे? मग गळती आहे. भरलेलं ऑइल दिवा विझवतं, गळती थांबवत नाही. चार दिवसांत दिवा परत लागेल, आणि मधल्या काळात ब्रेक बरे आहेत असं वाटत राहील.

६. गळती असेल तर कुठे? खाली एकही थेंब दिसत नाही.

मागच्या ड्रमपासून सुरुवात करा. व्हील सिलिंडरच्या (ड्रममधला, चाकाचा ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या बोटाने किंचित उचला. आत ओल असेल तर आतले रबरी वॉशर गेलेत. या ठिकाणचं ऑइल बऱ्याचदा ड्रममध्येच राहतं, लायनर (ड्रमला घासणारा थर) भिजवतं आणि मगच चाकाच्या आतल्या बाजूने ओघळतं. तोवर ते चाक ब्रेक धरेनासं झालेलं असतं किंवा गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढायला लागते. भिजलेले लायनर धुऊन परत लावू नका, बदला. आणि एका चाकाचे बदलले तर दुसऱ्याचेही बदला.

मग रबरी होज. वाकवून पाहा, भेगा दिसतात का, दुसऱ्या कुणी ब्रेक दाबून धरल्यावर होज फुगतो का. मग गाडीखालचे लोखंडी पाइप, विशेषतः जिथे ते क्लिपने बॉडीला धरलेले असतात. तिथे चिखल अडकतो आणि पाइप बाहेरून गंजतो. पाइपवर ओलसर काळा डाग दिसला तर बोट लावा. ब्रेक ऑइल निसरडं असतं, पण इंजिन ऑइलसारखं चिकट नसतं.

इतकं पाहूनही सगळं कोरडं असेल, तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या सांध्याकडे या. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या डब्यात उतरतं. बाहेर थेंबही येत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झालं होतं. दर महिन्याला थोडं थोडं ऑइल भरत होतो, आणि गॅरेजमध्ये उत्तर मिळत होतं की जुनी गाडी आहे, ऑइल पितेच. शेवटी मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो पुढे ओढला, तर मागून ऑइल वाहायला लागलं. कित्येक महिन्यांचं बूस्टरमध्ये साठलेलं होतं. त्या दिवसापासून ‘ऑइल पिते’ हे उत्तर मी कुणाकडूनही ऐकून घेत नाही. पेट्रोल गाडीत हे ऑइल व्हॅक्यूमच्या पाइपातून इंजिनात ओढलं जाऊ शकतं, तेव्हा सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. ऑइल कमी होतंय, गळती दिसत नाही आणि पांढरा धूर येतोय, असं तिन्ही जुळलं तर आधी इथेच पाहा.

७. कोणतं ऑइल भरू? घरात जुनी बाटली आहे.

टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय ते. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकॉल जातीची, एकमेकांत मिसळली तरी चालणारी. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं. नाव सारखं वाटतं म्हणून ५.१ च्या जागी ते ओतू नका. काही जुन्या गाड्यांच्या यंत्रणा खनिज तेलावर चालतात. त्यांत यांपैकी काहीच चालत नाही.

उघडलेली जुनी बाटली टाकून द्या. ग्लायकॉलचं ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर सतत ब्रेक दाबले की ओलसर ऑइलची कॅलिपरमध्ये वाफ होते. वाफ दबते, ऑइल दबत नाही, आणि पेडल तळाला जातं. टाकी भरलेली असते, त्यामुळे तेव्हा दिवा सहसा लागतही नाही. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांच्या आसपास ऑइल बदलायला सांगतात ते यासाठी.

चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टाकीत पडलं असेल, तर एकदाही ब्रेक दाबू नका. खनिज तेलाने रबर फुगतं. पेडल दाबून ते यंत्रणेत पसरलं, तर मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं.

८. वळणावर, चढावर किंवा फक्त सकाळी गार हवेत लागतो आणि मग जातो.

पातळी अगदी खुणेवर आली आहे. गाडी कलली किंवा ऑइल हललं की फ्लोट क्षणभर खाली जातो. थंडीत ऑइल किंचित आकसतं, इंजिनाच्या उष्णतेने परत फुगतं. म्हणून सकाळचा दिवा थोड्या वेळाने जातो. गाडी वेळेआधी सांगतेय, ऐका. पुढचं काम प्रश्न ५ प्रमाणे.

९. ऑइल पूर्ण, पेडल टणक, हँडब्रेक ठीक. दिवा चालूच.

आता वायरींकडे वळायला हरकत नाही, पण आधी नाही.

किल्ली चालू ठेवून टाकीच्या फ्लोटचा कनेक्टर काढा. दिवा गेला तर फ्लोट. यात आत चुंबक आणि छोटा रीड स्विच (चुंबकाने चालणारा स्विच) असतो, आणि जुना फ्लोट कधीकधी स्वतःच ऑइल शोषून जड होतो आणि बुडतो. टाकी भरलेली, तरी त्याच्या लेखी रिकामी. झाकण काढून फ्लोट बोटाने वर केल्यावर दिवा गेला आणि सोडताच तो परत बुडाला, की खात्री झाली. टाकीत साचलेल्या गाळानेही तो खाली अडकतो. काही गाड्यांत वायरिंग उलटं असतं, कनेक्टर काढला की दिवा लागतो. तिथे मल्टीमीटरने स्विच तपासा.

फ्लोट नाही, तर हँडब्रेकची वायर (प्रश्न ४), मग दाबाचा स्विच (प्रश्न १०). तिन्ही काढूनही दिवा जळत असेल, तर मधली वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे. सीटची रेल आणि कार्पेटखालची पट्टी ही नेहमीची ठिकाणं. सीट पुढे-मागे केल्यावर दिवा लुकलुकला, तर तिथेच हात घाला.

१०. ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढली, तेव्हापासून दिवा लागला आहे.

दोन्ही सर्किटांच्या मधे पितळी ठोकळ्यात एक छोटा पिस्टन असतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असतो तोवर तो मधोमध राहतो. एका बाजूचा दाब गेला की तो तिकडे सरकतो आणि स्विचची पिन अर्थ होते. हवा काढताना एका बाजूचा निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडा असतो, म्हणजे एका बाजूला दाब शून्यच. पिस्टन सरकतो आणि काही गाड्यांत तिथेच अडकतो.

आधी खात्री करा की सगळी हवा निघाली आहे आणि पेडल टणक आहे. काही ठोकळ्यांत पेडल एकदा जोरात दाबल्यावर पिस्टन आपोआप मध्ये येतो. नाही आला, तर ज्या सर्किटवर शेवटी काम केलं त्याच्या विरुद्ध सर्किटचा निपल थोडा उघडा, किल्ली चालू ठेवून दुसऱ्या माणसाला पेडल अगदी सावकाश दाबायला सांगा, आणि दिवा जाताक्षणी निपल बंद करा. घाई केली तर पिस्टन दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. या स्विचच्या कनेक्टरमध्ये ऑइल दिसलं, तर आतलं सील गेलंय, ठोकळा बदला.

जाता जाता आणखी एक: जुन्या गाडीची हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू देऊ नका. मास्टर सिलिंडरचा खालचा भाग वर्षानुवर्षे वापरलेला नसतो, तिथे गंज असतो, आणि सील त्यावरून गेलं की फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. हवा काढायला गेलेली गाडी मास्टर सिलिंडर घालवून परत येते, ते बहुतेकदा यामुळेच.

११. ब्रेकचा आणि बॅटरीचा, दोन्ही दिवे एकदम लागले.

बहुधा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र. काही जुन्या गाड्यांत, विशेषतः जपानी, स्टार्ट करताना दिव्याची चाचणी चार्जिंगच्या रिलेमार्फत होते. चार्जिंग बंद पडलं की तोच रिले ब्रेकचा दिवाही लावून ठेवतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. १२ च्या आसपास दिसत असतील तर पट्टा आणि अल्टरनेटर पाहा. पेडल आणि पातळी तरीही तपासाच.

१२. लाल दिव्याबरोबर पिवळा एबीएसचाही लागला.

एकटा पिवळा लागला तर एबीएस बंद आहे, साधे ब्रेक चालू आहेत. दोन्ही एकत्र लागले, तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ मागच्या चाकांचा दाब आवरणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडली. जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी जाम होऊ शकतात आणि गाडी फिरू शकते. पातळी पूर्ण असली तरी सावकाश चालवा आणि स्कॅनर लावून घ्या.

१३. पॅड नवे टाकले, दिवा मात्र तोच.

झिजल्याची वायर पॅडमध्ये असते. डिस्कने ती घासली की तुटते किंवा अर्थ होते, आणि ती परत जुळत नाही. पॅडबरोबर वायरही नवी लागते. गाडीला अशी वायरच नसेल, तर पिस्टन मागे ढकलल्यावर पातळी कुठे आली ते पाहा.

१४. क्लच जड-हलका होतोय आणि ब्रेकचा दिवा लागतोय. संबंध आहे का?

हायड्रॉलिक क्लच असेल तर असू शकतो. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून ऑइल घेतात. क्लचचा नळ टाकीत मुद्दाम उंचावर असतो, म्हणजे क्लचची गळती ब्रेकचं सगळं ऑइल घेऊन जात नाही. म्हणून प्रश्न ६ ची सगळी ठिकाणं कोरडी निघाली, तर क्लचच्या पेडलमागे आणि गिअरबॉक्सजवळच्या, क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरकडेही पाहा.

१५. पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं. ऑइल कमी होत नाही, दिवाही नाही. मग ब्रेक ठीकच ना?

नाही. मास्टर सिलिंडरचं आतलं सील झिजलंय. ऑइल बाहेर न जाता सीलच्या पलीकडे परत टाकीकडे सरकतंय. पातळी बदलत नाही, म्हणून फ्लोटला काही कळत नाही. इंजिन बंद असताना पेडल काही वेळा मारा, मग मध्यम जोराने अर्धा मिनिट धरून ठेवा. ते जागचं हलता कामा नये. त्याच स्थितीत इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं की बूस्टर काम करतोय. पण सुरू झाल्यावर सतत खालीच जात राहिलं, तर मास्टर सिलिंडर बदला.

१६. किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागतच नाही. चांगलंच की?

उलट. बल्ब गेलाय, फ्यूज गेलाय, किंवा कुणीतरी आधीच वायर काढून ठेवली आहे. जुनी गाडी विकत घेताना मी हे सर्वांत आधी पाहतो. किल्ली चालू करून हँडब्रेक ओढा. दिवा लागला तर बल्ब ठीक आहे. काही गाड्यांत चाचणीचा दिवा फक्त स्टार्टर फिरताना लागतो, तेही लक्षात असू द्या.

पण हँडब्रेकने दिवा लागला म्हणून फ्लोटही चालतो असं नाही. त्याची वायर वेगळी आहे. हँडब्रेक सोडा, टाकीचं झाकण काढा आणि स्वच्छ कोरड्या काडीने फ्लोट खाली दाबा. फ्लोट झाकणालाच लटकलेला असेल तर झाकण उचललं तरी पुरे. दिवा लागायला हवा. पाच मिनिटांचं काम आहे, वर्षातून एकदा करा.

१७. ब्रेक उत्तम लागतात, दिव्याचा नुसता त्रास आहे. फ्लोटची वायर काढून टाकली तर?

फ्लोट खराब आहे हे प्रश्न ९ प्रमाणे सिद्ध झालं असेल, तर नवा फ्लोट किंवा झाकण मिळेपर्यंत काही दिवस काढून ठेवा. पण तोवर रोज सकाळी बोनेट उघडून पातळी डोळ्यांनी पाहा, आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला देणार असाल तर त्यांना सांगा. स्टिअरिंगवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवा. वायर काढली आहे हे फक्त तुम्हाला माहीत असतं. घरातलं दुसरं कुणी किल्ली घेऊन बाहेर पडलं, तर न लागलेल्या दिव्यावर त्यांचा पूर्ण भरवसा असतो.